हिरव्या सीटची मधली पट्टी

५ ऑक्टोबर, मंगळवार

चौथा बोल्ट निघत नाहीये!

तीन निघाले. पहिला तर नुसता पाना टेकवल्यावर फिरला, वाटलं, चला, सोपं आहे. चौथा मात्र गाडीच्या तळाशी असा बसलाय की जणू गाडी त्याच्याभोवती बांधलीय. तेल सोडलं. आम्ही थांबलो. पुन्हा सोडलं. बाबा म्हणाले, "लोखंडाला घाई केली की ते रुसतं."

मी गाडीत आडवी, डोकं पेडलांशी, पाय दारातून बाहेर. शेजारच्या गॅरेजचे स्पॅनरकाका माझ्या पायांशीच गप्पा मारत होते. "काय पदवीधर मॅडम, गणितात याला सूत्र नाही वाटतं?"

नाही. आणि हसूही आलं नाही. बोल्ट मोडला तर? खालचा पत्रा फाटला तर? गाडी आपली नाही. डॉक्टरीणबाईंची आहे, आणि वयानं बाईंपेक्षा थोडीच लहान. पुढची सीट एकच, या दारापासून त्या दारापर्यंत सलग, बाकासारखी. अशी सीट आमच्या सीट-कव्हरच्या दुकानात याआधी कधी आली नव्हती.

माझं सगळं त्या सीटवर टांगलेलं आहे.

काल जेवताना ठरलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे कुणाला मागे फिरता येणार नाही. मलाही नाही. पाणीपुरवठा ऑफिसातून नेमणुकीचं पत्र आलंय. एक नोव्हेंबरला हजर व्हायचं. आईनं ते कपाटात माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राला टेकवून उभं ठेवलंय. मी म्हटलं, मला दुकानात काम करायचंय. बसच्या सीटा आता येणार नाहीत, नव्या बसेस कारखान्यातूनच प्लॅस्टिकच्या खुर्च्या घालून येतात. पण जुन्या गाड्या जपणारी माणसं आहेत. त्यांचं काम घेऊ. नीट शिकू, नीट करू. काही गोष्टी टाकून न देता दुरुस्त होतात हे कुणीतरी दाखवायला हवं ना!

आई म्हणाली, "आपल्या घरात आजवर सगळ्यांनी दुसऱ्यांच्या बुडाखालचंच बघितलं. तू तरी खुर्चीत बस."

बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "ही एक सीट. ती हिनं करायची. मी हाताखाली. बाई हसत गेल्या तर ही दुकानात. नाही तर एक तारखेला ऑफिस. पुन्हा तोंड उघडायचं नाही. दोघींनीही."

आई पटकन हो म्हणाली. का ते मला नंतर कळलं. डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या, आणि त्यांना हसताना अजून कुणीच पाहिलेलं नाही.

६ ऑक्टोबर

निघाला! मोडला नाही! स्पॅनरकाकांनी बोल्टाला शेक दिला, मी फिरवला. "मॅडमनी काढला हो," असं त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकवलं.

सीट बाहेर काढायला चौघं लागले. बाबा, काका, मी आणि आई. आई नको नको म्हणत आली आणि सगळ्यात जड कोपरा तिनंच धरला.

सीटखाली सापडलं ते: पेनाची टोपणं, केसांच्या पिना, एक वाळलेलं लिंबू आणि एक दात. खरा दात! मी किंचाळले. बाई संध्याकाळी आल्या तेव्हा कागदात बांधून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला. "खालची दाढ. माझी नाही. माझ्या सगळ्या जागेवर आहेत." आणि पर्समध्ये टाकला. हसल्या नाहीत.

८ ऑक्टोबर

दिवसभर उसवणं. जुनं कव्हर फाडायचं नाही, टीप न् टीप सोडवायची, कारण तेच नव्याचं माप. पक्कडीनं कड्या उघडायच्या. त्या कड्यांनी कव्हर खालच्या तारेला आवळलेलं असतं. एक उघडताना दुसरी अंगावर उडते. अंगठ्याला लागलंय.

आत काथ्या. पिंजारलेला, काळपट, आणि असा वास, की जुनी शाळा उघडावी. काथ्याच्या खाली गोणपाट, त्याखाली स्प्रिंगा. दोन स्प्रिंगा मोडक्या, दोन्ही चालकाच्या बाजूला.

बाबा म्हणाले, "मोडक्या तेवढ्या बदलू. बाकीच्या अजून आपल्यापेक्षा बऱ्या आहेत."

बैठकीला तीन पट्ट्या, पाठीला तीन. डावी, मधली, उजवी. मधल्या पट्ट्या वर अरुंद, खाली रुंद. प्रत्येकीच्या मागे खडूनं नाव लिहिलं. तीनदा तपासलं. मग पुन्हा एकदा.

११ ऑक्टोबर

बाईंनी कापड आणलं. गडद हिरवं, मखमलीसारखं, हात फिरवला की हाताला थंड लागतं. आम्ही पिढीजात रेक्झिनवाले! बाबांनी कापडाला हात लावण्याआधी हात धुतले. दोनदा.

"जुन्यासारखाच रंग शोधत सहा गावं फिरले," बाई म्हणाल्या. "दुकानदाराकडे ताग्याच्या शेवटी एवढंच उरलं होतं. कमी पडलं तर दुसरं मिळणार नाही. वाढवून सांगत नाहीये. मी कधीच वाढवून सांगत नाही, पेशंट आधीच घाबरलेले असतात."

मी पण घाबरलेली होते. "पुरेल," म्हणाले. का म्हणाले? मोजलं नव्हतं अजून!

१२ ऑक्टोबर

मोजलं. सरळ मांडलं तर जेमतेम पुरतंय. म्हणजे एक कात्री वाकडी गेली की संपलं.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "ऑफिसात असं होत नाही. कागद चुकला तर दुसरा घेतात."

१३ ऑक्टोबर

सुचलं!! मधल्या पट्ट्या वर अरुंद आणि खाली रुंद आहेत ना, मग सगळ्या एकाच तोंडानं कशाला मांडायच्या? एक सुलट, एक उलट. एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी, गादीवर दाटीनं भावंडं झोपतात तशी. चौकटीच्या कागदावर सगळ्या पट्ट्या लहान करून काढल्या, कापल्या आणि सरकवत बसले. बैठकीची मधली सुलट, पाठीची मधली उलट. केवढं कापड वाचतंय! हातभर रुंद, लांबलचक सलग तुकडा उरतोय.

बाबांना दाखवलं. ते कागदावर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही रेक्झिन असंच मांडतो, पण अंदाजानं. तू आकड्यानं केलंस." आणि उठून थेट गॅरेजमध्ये गेले. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. "पोरीनं कापड वाचवलं! कागदावर! कात्री न लावता!"

स्पॅनरकाका म्हणाले, "मग गणितात सूत्र होतं म्हणायचं."

बाबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. इथे लिहितानाही बरं वाटतंय.

१५ ऑक्टोबर

कापलं. सगळं. कात्री कुठेच वाकडी गेली नाही. उरलेला तुकडा गुंडाळी करून बाईंना द्यायला बाजूला ठेवला. त्यांनी कापड दिलं, तुकडा त्यांचाच. बाबांनाही तेच वाटतं.

बाई फोनवर म्हणाल्या, "मी काय करू त्याचं? रुमाल? राहू दे तुझ्याकडे. तू वाचवलंस, तुझं."

गुंडाळी मशीनच्या वरच्या फळीवर ठेवली.

१६ ऑक्टोबर

शिवण चालू. पट्ट्यांमधली पायपिंग, म्हणजे दोरीवर शिवलेली गोल कड, सरळ यायला हवी, नाही तर सगळी सीट दारू प्यायल्यासारखी दिसते (हे बाबांचं वाक्य). एक शिवण उसवली, पुन्हा घातली. आई जाता-येता डोकावून बघते.

१७ ऑक्टोबर

आई बाजारातून माझ्यासाठी ऑफिसची चप्पल घेऊन आली. "घालून बघ. लागत नाही ना?"

लागत नाही. छान आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

मी चुकतेय का? पहिली शिकलेली मी. आई मला अभ्यासाला बसवून स्वतः रेक्झिनच्या शिवणी घालायची. तिची बोटं त्या मशीननं वाकलीत. आणि मी शिकून परत त्याच मशीनवर! ती याला वाया जाणं म्हणते. मला वाटतं, उलट आहे. शिकलेलं माणूस कामाला आलं की कामाची किंमत वाढते. पण हे तिच्यासमोर बोलायला लागले की शाळेतल्या निबंधासारखं ऐकू येतं, आणि ती "हं" म्हणून गॅस लहान करते.

२० ऑक्टोबर

कव्हर चढवलं! बाबा ओढायचे, मी कडी आवळायची. गुडघा काथ्यावर, दोन्ही हात तारेशी. "ओढा!" "ओढलं!" "अजून!" "अगं, माणूस आहे मी, जॅक नाही!" दोघं घामाघूम.

आणि मग सीट उभी राहिली. हिरवी, ताठ, एक सुरकुती नाही. दुकानाच्या ट्यूबखाली अशी दिसत होती की बाबा तिच्यावर बसायला तयार होईनात. शेवटी मीच बसले. स्प्रिंगांनी वर उचलून घेतलं.

बाबा म्हणाले, "बाई हसतील." मग हात पुसत, "हसायला पाहिजेत."

२१ ऑक्टोबर

नाही. नाही. नाही.

सकाळी सीट दाराशी सरकवत आणली, बाहेरच्या उजेडात पुसायला. ऊन तिरपं येत होतं. पाठीची मधली पट्टी काळी.

म्हणजे हिरवीच, पण दुसरी हिरवी. आजूबाजूच्या पट्ट्या गवतासारख्या आणि मधली विहिरीसारखी. आधी वाटलं, तेल लागलं. फडक्यानं पुसलं. मग वाटलं, सावली आहे. सीट फिरवली. मी बाजूला सरकले तर पट्टी उजळली आणि बाकीच्या काळवंडल्या. तेव्हा हात फिरवला. डाव्या पट्टीवर वरून खाली हात गेला, गुळगुळीत. मधलीवर वरून खाली, तर मांजराला शेपटीकडून डोक्याकडे कुरवाळावं तसं.

कापडाला लव आहे. लवीला दिशा आहे. मी पट्टी उलटी मांडली. कापड वाचवायला!

रेक्झिनला वर-खाली नसतं. आमच्याकडे कुणी कधी विचारच केला नसता. पण मी करायला हवा होता. मीच म्हणाले होते, नीट शिकू, नीट करू.

बाबा आले तेव्हा मी सीटवर चादर टाकली. "धूळ बसेल," मी म्हणाले.

२२ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं नाही. ते एका टॅक्सीवाल्याला माझी मांडणी समजावून सांगत होते. काडेपेटीतल्या काड्या मांडून.

मार्ग आहे, हे मात्र सुचलं. उरलेला तुकडा! तो सलग आहे, लांब आहे, पाठीची मधली पट्टी त्यातून सुलट निघते. जे वाचवलं, तेच परत घालायचं. पाठ उसवायची, पट्टी बदलायची, पुन्हा चढवायची. कुणाला कळायच्या आत होईल.

फळीवर बघितलं. गुंडाळी नाही.

२३ ऑक्टोबर

सगळं दुकान उलटंपालटं केलं. फोमच्या मागे, टेबलाखाली, गोणपाटाच्या ढिगात. बाबा म्हणाले, "मी नाही बाबा हात लावला. आईनं आवरलं असेल."

आईला विचारलं. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला हवंय?"

"सहज."

"मग सहज सापडेल."

खरं का नाही सांगितलं? कारण तिला खरं सांगितलं की ती जिंकली. असं माझ्या मनात आलं, आणि लाज वाटली. ती आई आहे, माझ्यासमोरची टीम नाही.

२५ ऑक्टोबर

उद्या सांगते बाबांना. नक्की.

२६ ऑक्टोबर

सांगितलं.

बाबांनी चादर काढली. सीट उन्हात सरकवून बघितली. मग हात फिरवला. डाव्या पट्टीवर. मधल्या पट्टीवर. पुन्हा डाव्या. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "मला दोन्ही सारख्याच लागतात गं."

तळहात दाखवला. रेक्झिन ओढून ओढून त्यावर जो थर चढलाय, त्यातून लव लागत नाही त्यांना. डोळ्यांना पट्टी दिसत होती, हाताला पटत नव्हती. इतकी वर्षं हातावर विश्वास ठेवून काम केलेला माणूस! त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला पट्टीचं दुःख विसरायला झालं.

मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बसल्यावर पाठ कुणाला दिसतेय? बाईंच्या पाठीला डोळे आहेत?"

"त्या बसण्याआधी दार उघडतील ना, बाबा."

"हो. दार उघडतील." सीटवर परत चादर घातली. "आईला नको सांगूस एवढ्यात."

म्हणजे आता आम्ही दोघं लपवतोय.

२८ ऑक्टोबर

तुकडा सापडला.

संध्याकाळी आईनं मला आतल्या खोलीत बोलावलं. तिच्या पाठीमागे काहीतरी होतं. चेहरा, मी लहान असताना ती नवा फ्रॉक लपवायची तेव्हा असायचा तसा. "डोळे मीट."

मिटले. हातात मऊ काहीतरी आलं. थंड. मी डोळे उघडायच्या आधीच ओळखलं.

उशी. ऑफिसच्या खुर्चीसाठी. गडद हिरवी, चौकोनी, कडेला आमची पायपिंग.

"सरकारी खुर्च्या लाकडाच्या असतात," आई म्हणाली. "दिवसभर बसायचं म्हणजे कंबर जाते. एवढं भारी कापड, कापायला जीव होईना. म्हणून न कापताच दुमडून दुमडून शिवली. बघ, आत सगळं अख्खं आहे. उद्या हवं तर दुसरं काही करता येईल."

मी म्हटलं, "छान आहे गं."

"नुसतं छान?"

"खूप छान आहे."

तिनं ती माझ्या ऑफिसच्या पिशवीत ठेवली, नव्या चपलेवर. तिच्या बोटाला सुईचे टोचे होते. मशीनवर घातली नव्हती, आवाजानं मला कळेल म्हणून हातानं शिवली होती.

आता कसं मागू?

२९ ऑक्टोबर

नाही मागितली. दोनदा तोंडापर्यंत आलं. एकदा ती उशीवरचा धागा दातानं तोडत होती. एकदा शेजारणीला दाखवत होती, "ऑफिससाठी."

विचार करून करून डोकं शिणलं. मागितली नाही तर सीट अशीच जाणार, बाई हसणार नाहीत, मी ऑफिसला जाणार, त्या उशीवर बसणार. रोज. दहा ते सहा माझीच चूक माझ्याच खाली!

मागितली तर आईच्या हातातून तिची एकच गोष्ट काढून घ्यायची. त्याची भरपाई कुठल्या कापडातून करू?

३० ऑक्टोबर, शनिवार

बाई आज गाडी न्यायला आल्या. सीट बसवली. चौथा बोल्ट नवा घातलाय, बोटानं फिरला. बाबांनी गाडी मुद्दाम सावलीत उभी केली होती. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं.

बाईंनी दार उघडलं. आत वाकून बघत राहिल्या. पायपिंगवर बोट फिरवलं, कोपरे दाबले, जणू हिरडी तपासताहेत. बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. "स्प्रिंगा जुन्याच?"

"दोन बदलल्या. बाकी जुन्याच," मी म्हटलं.

"आवाज तोच आहे." आणि खरंच, त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मला वाटतं, हलला! बाबांनी श्वास सोडला. झालं होतं. मी गप्प बसले असते तर झालंच होतं.

मी म्हटलं, "बाई, एक पट्टी उलटी आहे."

बाबांनी डोळे मिटले.

"कुठली?"

"पाठीची मधली. लव उलट्या दिशेनं आहे. सावलीत दिसत नाही, उन्हात दिसेल. मी मांडताना चुकले. बाबांचं काही नाही त्यात."

बाईंनी गाडी स्वतः सुरू केली आणि हातभर पुढे उन्हात घेतली. उतरल्या. बघितलं. आई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली होती, ती पेला धरून तिथेच थांबली.

"मला दिसलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी अशीच घेऊन गेले असते. आता तू सांगितलंस. आता दार उघडलं की मला तेवढंच दिसणार. कायमचं."

"हो."

"मग बदल. तुकडा उरला होता ना? तुझ्याकडेच आहे ना तो?"

काय सांगू? आई समोर होती. माझ्या तोंडून निघालं, "आहे. पण... तो नाही वापरता येणार."

"का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबा बोल्टाकडे बघत होते. मग आईच्या हातातला पेला घेतला, पाणी प्यायल्या, पेला परत दिला. "गाडी इथेच ठेवते. सोमवारी दुपारी येते. तोवर ठरवा. एक सांगते मुली, मी आयुष्यभर लोकांना 'दुखणार नाही' असं सांगत आले. खोटंच असायचं. तू आधीच सांगितलंस. पण दात काढायचा की ठेवायचा, ते मधेच नाही सोडता येत."

त्या रिक्षानं गेल्या. हसल्या नाहीत.

सोमवारी एक तारीख आहे.

३१ ऑक्टोबर, रविवार



बाबा सकाळी एवढंच म्हणाले, "सांगायला नको होतंस, असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं वाटतंय, पण म्हणणार नाही."

स्पॅनरकाकांनी भिंतीपलीकडून विचारलं, "मॅडम, ऑफिसात पंखा आहे का हो?" नेहमीची थट्टा. मग स्वतःच म्हणाले, "असेल, असेल. सरकारी आहे."

आईला कळलंय. पेला धरून उभी होती तेव्हाच कळलं असणार. तिनं माझा सलवार-कुडता इस्त्री केला, पिशवीत डबा ठेवला, पत्र ठेवलं. मी म्हटलं, "आई, ते बाई म्हणाल्या ना..." ती म्हणाली, "ऐकलं मी. जेवून घे."

जेवले. काही कळलं नाही काय जेवले.

हरले, असं म्हणायचं का याला? ठरलं तेच होतंय. ठरलं त्याप्रमाणे वागायचं, निदान तेवढं तरी नीट करायचं. ऑफिसात पण माणसंच असतात. पाणी पण लागतंच लोकांना. तिथेही नीट काम करता येईल. येईलच. असं मी स्वतःला समजावतेय आणि कान मात्र दुकानाच्या दाराकडे आहेत. तिथे गाडी उभी आहे, चादरीखाली.

१ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी तयार होऊन पिशवी उचलली तर हलकी लागली. उशी नव्हती. चप्पल होती, डबा होता, पत्र होतं.

दुकानात ट्यूब लागलेली. कापायच्या टेबलावर हिरवं कापड, अख्खं, उसवून सपाट पसरलेलं. सुईच्या भोकांची बारीक रांग चारी कडांना, शिवणीत जाईल एवढीच. सीट गाडीतून पुन्हा बाहेर काढलेली, बाबा पाठीच्या कड्या उघडत होते. आई टेबलाशी उभी, बोटाला चिंधी, हातात खडू. माझ्याकडे बघितलं नाही.

"लवीचा बाण कुठल्या बाजूनं काढायचा गं? नीट सांग. मी पुन्हा उसवणार नाही."